चीनचं बिनशेपटीचं विमान आणि शिगात्सेचे ड्रोन : खरं किती, पुडी किती?

वाऱ्यावरचा

बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं पण कामातून डोकं वर काढता येत नव्हतं. काल मामेभावाने परत तो व्हिडिओ पाठवला, 'चीनने अंतराळात लढणारं विमान बनवलं, अमेरिका हादरली', खाली फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले आणि तोंडाला हात लावलेले बाहुले, म्हणून म्हटलं एकदा धागाच काढू.

आधी त्या अंतराळवाल्याचा निकाल लावतो. त्याचं नाव 'बायदी', म्हणजे पांढरा सम्राट. नोव्हेंबर २०२४ मध्ये झुहाईच्या एअर शोला ठेवलं होतं हे खरं, पण ते नुसतं मॉडेल. चीनच्या सरकारी विमान कंपनीचा 'नानतियानमेन' नावाचा कल्पनाविश्वाचा उद्योग आहे, सायन्स फिक्शन, त्यातलं ते पात्र. आपल्याकडे गणपतीत मंडळं चांद्रयानाचा देखावा करतात, तो बघून कुणी इस्रोला फोन करत नाही. तसंच हे.

पण त्यानंतर दीडेक महिन्यात, २६ डिसेंबर २०२४ ला, चेंगडू शहरावरून भर दिवसा जे उडालं तो देखावा नव्हता. उभी शेपूट नाही, आडवी पण नाही, पंख आणि धड एकजीव, पोटाशी दोन्ही बाजूंना हवा घ्यायची तोंडं आणि तिसरं तोंड पाठीवर कॉकपिटच्या मागे, म्हणजे इंजिनं तीन. शेजारी सोबतीला चीनचंच दोन सीटवालं फायटर जे-२०, त्यामुळे आकाराचा अंदाज लगेच आला, जे-२० तसं दांडगं विमान आहे पण त्याच्या बाजूला लहान भाऊ वाटत होतं. त्याच दिवशी शेन्यांगच्या कंपनीचं दुसरं एक बिनशेपटीचं, दोन इंजिनांचं विमानही दिसलं. एका दिवसात दोन! चीन सरकारने नाव काय ते सांगितलं नाही, पहिल्याच्या अंगावर ३६०११ असा आकडा दिसला म्हणून लोक त्याला जे-३६ म्हणायला लागले आणि दुसऱ्याला जे-५०. चिनी हौशी मंडळी पहिल्याला गिंको झाडाचं पान म्हणतात, वरून बघितलं तर खरंच तसं दिसतं.

मला त्यात सगळ्यात भारी वाटली ती चाकं. मुख्य चाकं एकामागे एक, अशी जोडी. रशियाच्या सुखोई-३४ ला अशीच आहेत, आणि ते ४५ टनी धूड आहे. फायटरला अशी चाकं कोण लावतं? म्हणजे हे फायटर कमी आणि लांब पल्ल्याचं गोदाम जास्त. पोटात मोठाली क्षेपणास्त्रं घेऊन लांब जायचं आणि समोरच्याची फायटर्स सोडून त्याचे हवेत इंधन भरणारे टँकर आणि रडारवाली विमानं पाडायची. प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरचा अमेरिकन तळ चिनी किनाऱ्यापासून जवळपास ३००० किमी, टँकर नसले तर अमेरिकन फायटर्स तिथून येणार कशी आणि परत जाणार कशी? हा माझा तर्क, चूक असेल तर हाणा.

आणि ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी दुसरा नमुना दिसला तर त्याची चाकं चक्क शेजारी-शेजारी! मागची नॉझल्स, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर पडायची तोंडं, पण बदललेली. दहा महिन्यांत. हे वाचून मी चहा सांडला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झणझणीत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मामेभावाला पण इथे सदस्य करून घ्या.

निवृत्त_नाना

फोटोवर जाऊ नका हो. चायना माल आहे. गेल्या दिवाळीला आणलेली माळ भाऊबीजेपर्यंत टिकली नाही आणि हे म्हणे सहाव्या पिढीचं, म्हणजे आत्ताच्या सगळ्यांच्या पुढचं, विमान. इंजिन रशियाचं चोरलेलं, डिझाईन अमेरिकेचं चोरलेलं, नुसता पत्रा यांचा. आणि काय हो, एवढं गुपित विमान आहे तर भर दिवसा शहरावरून कशाला उडवतील?

चेंगडू_रिटर्न

नाना, हा शेवटचा प्रश्न माझ्या अंगणातला आहे म्हणून लिहितो (एरवी वाचनमात्र असतो, टंकायचा कंटाळा).

मी एमबीबीएसला चेंगडूत होतो. ज्या कंपनीने हे बनवलंय तिचा कारखाना आणि धावपट्टी शहराच्या पश्चिमेला हुआंगतियानबा भागात, कधीकाळी गावाबाहेर असणार पण आता चारी बाजूंनी बिल्डिंगा वाढल्यात. लोहगावला विमान उतरताना गच्चीवरची पोरं हात करतात ना, सेम तसं. भिंतीपलीकडे एक कायमची गर्दी असते, त्यांना तिकडे 'भिंतीवर चढणारी मंडळी' असंच नाव आहे. घडीची शिडी, हातभर लांबीची लेन्स, बसायला छोटं स्टूल, चहाचा थर्मास. बरेचसे रिटायर्ड काका लोक. मी रविवारी सायकलवरून जायचो तेव्हा एक काका ओळखीचे झाले होते, माझं चिनी तोडकं आणि त्यांची सिचुआनी बोली, निम्मं हातवाऱ्यांवर चालायचं. मी विचारलं होतं एवढं काय बघता रोज तेच तेच, तर म्हणाले आधी चाकं बघायची. नवीन विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा चाकं खालीच ठेवतात, वर घेत नाहीत, चाकं आत गेलेली दिसली म्हणजे ह्याची आधी उड्डाणं झालीत आणि आपण उशिरा आलो. धागाकर्त्यांनी चाकांवर लिहिलं तेव्हा तेच काका आठवले.

आता गुपिताचं. तिकडे नको असलेला फोटो नेटवर टिकत नाही हो, तासाभरात गायब होतो आणि टाकणाऱ्याला फोन जातो. हे फोटो राहिले, म्हणजे राहू दिले. लपवायचंच असतं तर गोबीच्या वाळवंटात यांच्याकडे वाट्टेल तेवढ्या धावपट्ट्या आहेत. आणि तारीख बघा, २६ डिसेंबर म्हणजे माओचा वाढदिवस. योगायोग असेलही, पण मी नाही मानत. दुसऱ्याच दिवशी, २७ ला, शांघायला 'सिचुआन' नावाची युद्धनौका पाण्यात सोडली, ड्रोन उडवायला विजेचं कॅटापल्ट, म्हणजे विमान झटक्यात पुढे फेकणारं यंत्र, असलेली. दोन दिवसांत तीन बातम्या. लग्नाची पत्रिका वाटावी तसं सगळं ठरवून.

अवांतर: पिढ्यांचा घोळ लक्षात ठेवा. चिनी लोक जे-२० ला आधी चौथ्या पिढीचं म्हणायचे, कारण त्यांची मोजणी वेगळी. त्यामुळे जुन्या चिनी लेखात पाचवी पिढी वाचलं तर ते आपण ज्याला सहावी म्हणतो ते असू शकतं. आपल्या चॅनेलवाल्यांनी यात किती गोंधळ घातलाय ते विचारू नका.

वाऱ्यावरचा

@चेंगडू_रिटर्न, वाचनमात्र राहू नका हो, एक नंबर प्रतिसाद.

@नाना, माळेचं दुःख समजू शकतो पण तुमच्याआधी हीच चूक अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्याने केलेली आहे. रॉबर्ट गेट्स २००९ मध्ये भाषणात म्हणाले होते की २०२० पर्यंत चीनकडे पाचव्या पिढीचं एकही विमान नसेल असा अंदाज आहे. मग जानेवारी २०११ ला हेच गेट्स बीजिंगला गेले आणि ते तिथे असतानाच, ११ तारखेला, जे-२० ने पहिलं उड्डाण केलं. पाहुणे दारात आणि यांनी फटाका फोडला. गेट्सनी चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओंना विचारलं तर खोलीतल्या मुलकी मंडळींनाच ते नवीन वाटलं म्हणे. २०१७ मध्ये ते विमान सेवेत आलं आणि आज शेकड्यांनी मोजतात. तेव्हा पण लोक म्हणत होते पत्र्याचं मॉडेल आहे, फोटोशॉप आहे.

मीनल_मुलुंड

मला बेसिक प्रश्न पडलाय, हसू नका. शेपूट नसेल तर विमान वळतं कसं? आणि शेपूट काढून एवढा काय फायदा?

ओझरचा_वारा

हसायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. पतंगाला आपण शेपटी का लावतो, गिरक्या घेऊ नये म्हणून. विमानाचं तेच. शेपूट काढली की ते सारखं आडवं फिरायला बघतं. मग पंखांच्या टोकाला झडपा ठेवतात, एका बाजूची झडप वर आणि खाली दोन्हीकडे उघडली की त्या बाजूला हवा अडते आणि नाक तिकडे वळतं. होडीत एका बाजूचं वल्हं नुसतं पाण्यात धरून ठेवा, होडी तिकडेच फिरते की नाही, तसं. हे कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा करत असतो, पायलटच्या हातात राहिलं तर पडलंच. अमेरिकेचं बी-२ बॉम्बर १९८९ पासून असंच उडतंय. १९९७ मध्ये नासाने एक्स-३६ नावाचं छोटं बिनपायलटचं बिनशेपटीचं विमान उडवून बघितलं होतं, आकडा पण ३६ च, बघा गंमत.

फायदा रडारचा. उभी शेपूट म्हणजे बाजूने बघणाऱ्याला भिंतच. तोटा असा की झटकन वळायची ताकद कमी होते, पण ज्याला लांबूनच मारायचंय तो कुस्ती कशाला खेळेल.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी ओझर-नाशिक पट्ट्यात विमानाचे पार्ट मशीनिंग करणाऱ्या शॉपमध्ये आयुष्य काढलं, सुखोईचे पार्ट या हातांनी इन्स्पेक्ट केलेत. तो चाकांचा बदल दहा महिन्यांत झाला असं म्हणता ते मला पटत नाही. चाक बदललं म्हणजे नुसतं चाक नाही हो. ते ज्या मधल्या फ्रेमला टांगलंय ती फ्रेम बदलली, चाक आत जायचा कप्पा बदलला, त्याची दारं, हायड्रॉलिकच्या नळ्या, शेजारची इंधनाची टाकी, सगळं सरकलं. एवढ्यासाठी नवीन ड्रॉइंग, नवीन जिग (पार्ट जागेवर पकडून ठेवणारा सांगाडा), फोर्जिंगची नवीन डाय (ठोकून आकार द्यायचा साचा), पहिला पीस काढून तो पास करणं. एका सप्लायरकडून मटेरियलचं सर्टिफिकेट चुकीचं आलं म्हणून आमचे तयार पार्ट चार महिने रॅकवर लाल टॅग लावून पडले होते, मी रोज त्यांच्यासमोरून डबा खायला जायचो. दहा महिन्यांत हे शक्य नाही. म्हणजे दुसरा नमुना पहिला उडायच्या आधीच कागदावर आणि बहुतेक जिगवर होता. दोन पर्याय समांतर चालू होते. मला भीती वाटते ती याची. विमान चांगलं-वाईट नंतर बघू, पण एकाच वेळी दोन रस्ते चालायला लागणारी माणसं, मशीनं आणि पैसा त्यांच्याकडे आहे.

आणि तीन इंजिनं हौसेने कुणी लावत नाही. तिप्पट मेंटेनन्स, तिप्पट डोकेदुखी. दोनात ताकद पुरत नव्हती म्हणून तिसरं आलं असा माझा कयास. म्हणजे नानांचं थोडं खरं आहे, इंजिन ही यांची जुनी दुखरी नस. पण नाना, आपलं तेजस अमेरिकन इंजिनावर उडतं, तेव्हा आपण जरा हळूच बोललेलं बरं.

झणझणीत

नाना १, ओझर १. मॅच बरोबरीत.

रडार_सातारकर

जय हिंद. एअर फोर्समध्ये रडारवर होतो, पूर्वेकडे बरीच वर्षं. तुम्ही सगळे जे-३६ च्या मागे लागलाय पण ते गुआम-तैवानसाठी आहे, आपल्या दारात जे आलंय त्याकडे बघा.

शिगात्से. तिबेटमध्ये, डोकलामच्या वरच्या अंगाला. तिथून आपलं हासिमारा, जिथे राफेलची १०१ स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) आहे, सरळ रेषेत ३०० किमी पण नाही. २०१७ च्या डोकलामच्या तणातणीनंतर तिथे डब्ल्यूझेड-७ ड्रोन दिसायला लागली, ती टेहळणीची लांब पंखांची, पुढचे आणि मागचे पंख टोकाला जोडलेले, चौकटीसारखे. आणि २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस सॅटेलाइट फोटोत तिथेच जीजे-११ ड्रोन दिसले. हे टेहळणीचं नाही, हल्ल्याचं. वटवाघळासारखं, शेपूट याला पण नाही. पहिला नमुना नोव्हेंबर २०१३ ला उडाला, २०१९ च्या परेडला दाखवलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चिनी हवाई दलाने स्वतःच व्हिडिओ टाकला, जीजे-११ उडतंय, बाजूला जे-२० आणि रडार जॅम करणारं जे-१६डी. म्हणजे १२ वर्षं लागली, नानांनी नोंद घ्यावी, हे पण काही जादूने होत नाही.

आता दिलासा म्हणाल तर उंची. शिगात्सेची धावपट्टी ३७०० मीटरच्या वर. पातळ हवेत पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, म्हणून एकतर इंधन कमी भरा नाहीतर बॉम्ब कमी. आपली हासिमारा, तेजपूर, छाबुआ सगळी खाली सपाटीला, भरगच्च भरून उडता येतं. हा फायदा आम्ही नोकरीत असताना पण पाठ होता. आता लोक म्हणतात ड्रोनला ऑक्सिजन लागत नाही. अहो पायलटला लागत नाही, इंजिनाला हवा लागतेच की.

पण मला काळजी दुसरीच आहे. विमान पाडलं तर पायलट मरतो, मग प्रकरण दिल्ली-बीजिंगपर्यंत जातं, म्हणून दोघंही जपून असतात. ड्रोनमध्ये कोणी नाही. डिसेंबर २०१७ ला सिक्कीम बाजूला आपलं हेरॉन ड्रोन संपर्क तुटून पलीकडे गेलं आणि पडलं, चीनने निषेध केला, आपण तांत्रिक बिघाड म्हटलं, संपलं. माणूस बसलेलं विमान तसं गेलं असतं तर? माणूस नसला की दोन्हीकडच्यांचा हात सैल सुटतो. स्क्रीनवर ठिपका दिसतो, त्यात माणूस आहे की नाही हे ठिपका सांगत नाही, आणि खुर्चीवरच्या पोराकडे ठरवायला किती वेळ असतो ते मला माहिती आहे.

मीनल_मुलुंड

@ओझरचा_वारा पतंगाचं एकदम डोक्यात बसलं, धन्यवाद. @रडार_सातारकर शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला.

आता मी पण थोडं शोधलं. चिनी ड्रोन घेणाऱ्यांचे अनुभव फार बरे नाहीत. जॉर्डनने सीएच-४ घेतले आणि २०१९ मध्ये विकायला काढले. इराककडे दहाच्या वर होते, त्यातलं पूर्ण कामाचं एकच उरलं होतं असं त्याच वर्षी अमेरिकन अहवालात होतं. स्वस्त म्हणून घेतले, मग सुट्या भागांची बोंब.

निवृत्त_नाना

मी काय म्हणत होतो!! माळ!!

वाऱ्यावरचा

नाना शांत व्हा. मीनलताईंचं बरोबर आहे, पण बाहेर विकतात तो माल आणि घरी ठेवतात तो माल यात फरक असतो, हे नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा (तिथे उलटं आहे, चांगली बाहेर जातात, असो, उपमा फसली). मुद्दा असा की मे २०२५ मध्ये पंजाबात होशियारपूरला चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे तुकडे शेतात पडलेले आपण सगळ्यांनी बघितले, ते पण निर्यातीचंच मॉडेल होतं, पाकिस्तानने डागलेलं. तेव्हा सगळंच माळेच्या हिशेबात मोजू नका. जूनमध्ये पाकिस्तान सरकारनेच सांगितलं की चीन त्यांची ४० जे-३५ फायटर विमानं देऊ करतोय, मग त्यांचेच संरक्षणमंत्री म्हणाले हे सगळं मीडियात आहे. ही पुडी की खरं, तुम्हीच ठरवा. मी पुडीकडे झुकतो.

आणि ते ड्रोनचं मदरशिप राहिलंच. जिउतियान. १६ टनी, ६ टन सामान वाहणारं, पोटातून छोट्या ड्रोनचा थवा सोडणार असं सांगतात. झुहाईला ठेवलं तेव्हा मी बायदीच्या रांगेत टाकलं होतं त्याला, पण डिसेंबर २०२५ मध्ये शाआन्शी प्रांतात उडालं. थवा सोडून दाखवलेला मात्र अजून बघितला नाही, मोठं विमान हळू उडत येणार, त्याला कोणी येऊ देईल का थवा सोडेपर्यंत? मला ते लढाईपेक्षा सामान पोचवायला जास्त कामाचं वाटतं, तिबेटमध्ये विशेषतः.

झणझणीत

आपलं काय ते पण लिहा कोणीतरी, नाहीतर लोक म्हणतील धागाकर्ता चिनी आहे.

रडार_सातारकर

थोडक्यात लिहितो. मंजूर ४२ स्क्वाड्रन, सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. चंदीगडचा तो निरोप टीव्हीवर बघताना घशात आवंढा आला, खोटं कशाला बोलू. आपल्या पाचव्या पिढीच्या अ‍ॅमका विमानाला मार्च २०२४ मध्ये १५,००० कोटी मंजूर, सेवेत यायला २०३५ उजाडणार. जीजे-११ सारखं आपलं 'घातक', त्याचा छोटा नमुना जुलै २०२२ मध्ये चित्रदुर्गला उडाला, व्यवस्थित उडाला आणि उतरला. पण तो नमुना. मधली दहा वर्षं कशी काढायची हा प्रश्न आहे, जे-३६ ची नॉझल कशी आहे हा नाही.

ओझरचा_वारा

सातारकर, एक भर घालतो. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मी निवृत्त, आत जायचा पास नाही, शेतातल्या बांधावर उभा राहिलो होतो, शेजारी द्राक्षबागेत फवारणी चालू, ट्रॅक्टरच्या आवाजात आधी ऐकूच आलं नाही. आवाज आला तेव्हा मान वर केली आणि पहिल्यांदा काय शोधलं माहितीये? चाकं. चेंगडूच्या काकांसारखं.

चेंगडू_रिटर्न

मग, आत होती की बाहेर?

ओझरचा_वारा

ते सांगायला दिसलं कुठे, उन्हाकडे तोंड होतं. आवाजावरून ओळखलं फक्त.

वाऱ्यावरचा

मामेभावाला या धाग्याची लिंक पाठवली. त्याचा रिप्लाय आला, 'भारी आहे, पण हे बघ', आणि खाली नवीन व्हिडिओ, 'चीनचं अदृश्य विमान लडाखवर'. फोटो बायदीचाच आहे.